लेक पडली की आजीकडेच धावते : बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि त्यानंतरची वर्षं

रानजाई | ८ जून, रात्री ११.२०

मागच्या रविवारी बागेत लेक सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच फुटला. मी दहा पावलांवर होते, हात पुढे केलेले. ती उठली, रडत धावत आली आणि माझ्या शेजारून निघून मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या आईच्या कुशीत शिरली. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

लेक सहा वर्षांची आहे. नातवंडांना आजी प्यारी असते, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे. म्हणून हा धागा काढतेय.

माझं सिझेरियन झालं. शुद्धीवर आल्यावर बाळ आणून दाखवलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं एवढं ठाऊक होतं. आत काहीच हललं नाही. वाटलं, भुलीचा अंमल असेल. मग वाटलं, टाके दुखतायत म्हणून असेल. बाराव्या दिवशी बारसं झालं, पाळण्यात घालताना बायकांनी 'कुणी गोविंद घ्या' म्हटलं आणि मी मनात मोजत होते की या सगळ्या किती वाजता जातील.

त्या दिवसांतली एक दोनशे पानी वही माझ्याकडे अजून आहे. रात्री १०.१० उजवी बाजू, १२.४० डावी. शी पिवळी. वजन अमुक. पानंच्या पानं अशी भरलेली आहेत, एकही फीड सुटलेलं नाही. अंघोळ, तेल, लसी, सगळं वेळच्या वेळी. पण त्या तीन महिन्यांतला लेकीचा चेहरा आठवायला गेलं तर मला फोटो काढून बघावे लागतात. दूध पाजताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. तिच्याशी बोलायचे नाही. काय बोलायचं तेच सुचायचं नाही.

न्हाऊ घालायला मावशी यायच्या. पायांवर घेऊन, पाणी घालत तिच्याशी अखंड बडबड. दीड महिन्याची असताना मोरीतून त्यांची हाक आली, "अगं बाई, हसली बघ, हसली!" आई पळत गेली. मी अंथरुणातच होते. माझ्या मनात एवढंच आलं की आता ती झोपेल आणि मलाही झोपता येईल.

माहेरच्या गावातल्या डॉक्टरांनी "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून टॉनिक दिलं होतं. साडेतीन महिन्यांच्या लसीला पुण्यात गेलो तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनी लेकीला तपासलं आणि विचारलं, "आणि तू कशी आहेस?" मला उत्तर देता येईना. तिथून मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, समुपदेशन. लेक वर्षाची होईतो मी माणसांत आले होते. पण तोवर ती आजीच्या अंगाखांद्यावर रुळली होती, आणि तिला माझ्याकडे खेचून घ्यायचं धैर्य मला झालं नाही. आपण तो हक्क गमावला आहे असंच वाटत राहिलं.

परवा झोपताना तिने विचारलं, "आई, मी अगदी छोटी असताना काय करायचे?" आजीला विचार, म्हणाले मी.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालं आहे का? हे पुढे भरून निघतं का? आणि मुलांना यातलं काय नि किती सांगायचं?

—

सुपारीचं_पान | ९ जून, सकाळी ७.०५

वाचून घशाशी आलं. माझं झालं नाही, पण वहिनीचं असंच होतं हे आत्ता कळतंय. आम्ही तिला 'थंड आहे' म्हणायचो.

—

गोदाकाठ | ९ जून, सकाळी ९.४०

ताई, दुखवायचा हेतू नाही. पण आमच्या आयांच्या वेळी हे नव्हतं. घरात चार बायका असायच्या, बाळंतिणीला सव्वा महिना खाली उतरू देत नसत. आता घरं दोन माणसांची झाली, त्याचा हा परिणाम असावा असं मला मनापासून वाटतं.

—

कुमुदिनी_आजी | ९ जून, दुपारी ३.१५

गोदाकाठ, तुमच्या आईच्या वयाची मी असेन. ७१ पूर्ण. लिहायला वेळ लागतो, नातवाने मराठी कीबोर्ड घालून दिला आहे.

हे होतं. नाव नव्हतं. आमच्या सातारकडे म्हणायचे 'बाळंतवारा डोक्यात गेला'. १९७८ साली माझी दुसरी मुलगी झाली. घरात चार नव्हे, सहा बायका होत्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, शेगडी, सगळं झालं. पण खोलीच्या दारातून येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची आणि मग "असू दे, लक्ष्मी आहे" म्हणायची. 'असू दे' कशाला म्हणतात ते मला कळत होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. पोरगी रडली की जाऊबाई आणून छातीशी लावायच्या, पिऊन झालं की घेऊन जायच्या. मी कधी मागितली नाही. कुणी म्हणालं नाही की ही आजारी आहे. म्हणाले, हिला मुलगा हवा होता म्हणून तोंड फिरवते. आणि मला हवा होता की नव्हता, ते तरी मला कुणी विचारलं होतं?

ती मुलगी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. सणाला येते, साडी आणते, पाया पडते, औषधं वेळेवर पाठवते. थोरली भांडते माझ्याशी. ही कधी भांडली नाही. एवढंच सांगायचं होतं.

—

डॉ_उंबरठा | ९ जून, रात्री १०.३०

मी मानसोपचार करते. या धाग्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण रानजाईने जे विचारलं आहे ते ओपीडीत फार उशिरा विचारलं जातं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, हळवं होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापलीकडे टिकलं, किंवा नंतरच्या महिन्यांत सुरू झालं, तर तो आजार. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० बायकांवर गरोदरपणापासून लक्ष ठेवलं होतं. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिथे ते प्रमाण २३ टक्के आलं, आणि त्यातल्या बहुतेकींचा मनाचा त्रास पोटुशी असतानाच सुरू झालेला होता. घरातली मारहाण, पैशांची ओढाताण यांच्या जोडीला आणखी एक कारण ठळकपणे पुढे आलं. मुलगा हवा असताना मुलगी होणं. कुमुदिनी आजी, तुमचं 'असू दे' त्या आकड्यांत आहे. याच गटाने पुढच्या वर्षी बाळांबद्दल लिहिलं. नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाल्यावर वजनाला आणि उंचीला इतरांपेक्षा मागे होती.

आता नात्याबद्दल. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते, काही प्रतिसाद देत नाही. काही महिन्यांचं बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईला परत आणण्याच्या त्याच्याकडे जेवढ्या युक्त्या असतात तेवढ्या सगळ्या करून बघतं. काहीच चालेना की मान फिरवतं, अंग सैल सोडतं, स्वतःचीच मूठ तोंडात घालतं. बघवत नाही. नैराश्यातल्या आईचा चेहरा मुद्दाम कोरा नसतो, पण बाळाला तो तसाच दिसतो, आणि दोन मिनिटं नाही, आठवडेच्या आठवडे. आवाजातला चढउतारही जातो. आपण बाळाशी ज्या लाडिक सुरात बोलतो तो बाळाचं लक्ष धरून ठेवतो, आणि आजारपणात तोच सूर आधी हरवतो. काही आया याच्या उलट वागतात. बाळाने मान फिरवली तरी खुळखुळा तोंडापुढे नाचवत राहतात, कारण बाळ हसलं नाही तर आपण नापास, असं त्यांना वाटतं. तोही त्याच आजाराचा चेहरा.

पण ट्रॉनिकच्या कामातला दुसरा भाग कुणी सांगत नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अगदी ठणठणीत आई आणि बाळ यांचाही सूर बहुतेक वेळ जुळलेला नसतो. चुकतो, पुन्हा जुळतो. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळण्यातून. तुटलं ते सांधता येतं, हा अनुभव त्याला हवा असतो. आणि रानजाई, पुन्हा सांधायला सहावं वर्ष उशिराचं नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. आईचं नैराश्य उतरलं म्हणजे नातं आपोआप जागेवर येतं, असं समजू नका. गोळ्यांनी आई उठते. नात्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि ती उपचारात धरायला हवी. तुमच्या बाबतीत धरली गेली नाही. त्यात तुमची चूक नाही.

—

चिंचगूळ | १० जून, सकाळी ८.००

बाप म्हणून लिहितो. बायकोला हेच झालं होतं, २०२१ मध्ये. मी आणि माझी आई, आम्ही दोघांनी ठरवलं की तिला पूर्ण विश्रांती द्यायची. म्हणजे काय केलं? बाळ उचललं. रात्री मी, दिवसा आई. बायकोला म्हणालो, तू फक्त झोप. आम्हाला वाटत होतं आम्ही केवढी मदत करतोय. ती झोपायची नाहीच, दाराआडून ऐकत पडायची. दोन महिन्यांनी एकदा म्हणाली, "तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही."

त्या वाक्याने मी घाबरलो आणि डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सांगितलं ते इथे लिहितो, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिच्याकडून भांडी घ्या, पाहुणे घ्या, कपडे घ्या, फोन घ्या. बाळ घेऊ नका. रात्री सलग चार-पाच तास झोप तिला मिळालीच पाहिजे, तेवढ्या वेळापुरतं बाळ तुमच्याकडे. बाकी दिवसात एक काम तिचं आणि बाळाचंच राहू द्या, रोज, अगदी दहा मिनिटं. आम्ही संध्याकाळची मालिश निवडली. पहिले दिवस ती यंत्रासारखी तेल लावायची. मी शेजारी बसायचो, बोलायचो नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात पोराने तिची बोटं पकडली आणि सोडेना. ती म्हणाली, "अरे, सोड ना." त्याच्याशी थेट बोललेलं ते तिचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

—

वळचण | १० जून, दुपारी १.२५

मी या गोष्टीतलं मूल आहे. वय ३४.

आईला माझ्यानंतर झालं आणि नीट उपचार कधीच झाले नाहीत. शाळेतून आलो की दारातल्या चपलांवरून कळायचं. तिच्या चपला सरळ असल्या तर दिवस बरा, उलट्यापालट्या पडलेल्या असल्या तर आवाज न करता आत जायचं, स्वतःचं दूध गरम करून प्यायचं, धाकट्याला अभ्यासाला बसवायचं. सगळे म्हणायचे, किती शहाणं पोर आहे. त्या शहाणपणाचं कौतुक मला आजही सहन होत नाही.

तिने मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. माझी तक्रार तिच्यावर नाही. पण लहानपणी मला पक्कं वाटायचं की माझ्यात असं काहीतरी आहे ज्यामुळे आई दमते. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाळा, हे तुझ्यामुळे नाही. एक वाक्य पुरलं असतं. रानजाई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे. सांगा.

—

गोदाकाठ | १० जून, दुपारी २.१०

आजी, वळचण, मी वर लिहिलेलं मागे घेतो. आज आईला फोन केला आणि विचारलं. ती बराच वेळ बोलली.

—

लीड्सकर | ११ जून, रात्री १.५०

इकडे इंग्लंडमध्ये बाळ झाल्यावर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाची विचारपूस करणारी नर्स, घरी येते. माझ्याकडे आली तेव्हा बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. पहिलाच प्रश्न हसू येतं का, गमतीची बाजू दिसते का, असा. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. मी सगळीकडे बरं-बरं उत्तर दिलं. खोटं बोलावं असं नव्हतं. तिने विचारलं 'दुःखी वाटतं का', आणि मला दुःखी वाटत नव्हतंच! छातीत धडधडायचं, हातापायांत त्राण नसायचं, कशात जीव लागायचा नाही. रात्री आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना "अगं, मन लागत नाही कशातच" म्हणाले आणि आई म्हणाली, हे तिकडच्या डॉक्टरणीला सांग. मी म्हटलं, याला इंग्रजीत काय म्हणू? दोन दिवस त्यातच गेले.

दुसऱ्या वेळी तिला सरळ सांगितलं की मला दुःख नाही, काहीच नाही. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आपल्याकडच्या बायका 'उदास आहे' असं क्वचित म्हणतात. डोकं दुखतं, कंबर धरते, दूध येत नाही, घाबरं होतं असं म्हणतात. ऐकणाऱ्याने ते ओळखायला हवं.

—

पायवाट_आशा | ११ जून, दुपारी ४.००

मी गावात आशा सेविका आहे, गाव सांगत नाही. लीड्सकर ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातो. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, दूध नीट ओढतंय का बघायचं. आधी मी पण तेवढंच करून यायची. माझ्याच हद्दीत एक पोरगी होती, बाळाचं वजन वाढत नव्हतं. मी तीन भेटी तिला पाजायला शिकवत बसले. चौथ्या भेटीला बघितलं तर बाळ तिच्या मांडीवर होतं पण तिचं तोंड दुसरीकडं. बाळ टकमक बघायचं तिच्याकडं, मग बघायचं सोडून द्यायचं. तेव्हापासून मी काटा पिशवीतनं नंतर काढते. आधी बाळंतिणीजवळ बसते आणि विचारते, झोप लागते का गं, बाळ झोपल्यावर तरी? बाळ झोपलेलं असताना पण जिला झोप लागत नाही, तिचं नाव मी मनात धरते.

अडचण अशी की पहिल्या बाळंतपणाला पोरी माहेरी जातात. महिन्या-दोन महिन्यांत परत सासरी. माहेरची आशा वेगळी, सासरची वेगळी. मधे कुणाचंच लक्ष राहत नाही. आता मी नंबर घेऊन ठेवते पलीकडच्या ताईचा. आणि रक्त तपासायला पाठवते, कारण अंगात रक्तच नसलं तर मन तरी कुठनं उभारी धरणार.

—

डॉ_उंबरठा | ११ जून, संध्याकाळी ७.१५

ताई, तुमचा झोपेचा प्रश्न मी आमच्या निवासी डॉक्टरांना शिकवते. हिमोग्लोबिनच्या जोडीला थायरॉइडही बघून घ्यावं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो तेव्हा लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात.

औषधांबद्दल मला तीन जणींनी व्यक्तिगत निरोप पाठवले म्हणून इथेच लिहिते. गोळी घ्यायची म्हणजे दूध तोडायचं, हे बहुतेक वेळा खरं नाही. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं दुधातून फार थोडी उतरतात, आणि पाजणाऱ्या आयांना विचारपूर्वक दिली जातात. स्वतःहून सुरू करू नका, स्वतःहून थांबवूही नका.

—

नवीन_पान | १२ जून, रात्री २.३५

आत्ताच आयडी काढला. आज माझा १७वा दिवस. मुलगा आहे. सगळं नॉर्मल आहे. तो झोपलाय, मला झोप येत नाही. एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्याला घेऊन गॅलरीजवळून गेलं की तो माझ्या हातून खाली पडतोय असं चित्र डोळ्यासमोर येतं. स्पष्ट. मी टाकतेय असं. म्हणून मी त्याला घेतच नाही, सासूबाईंकडे देते. त्यांना वाटतं मी अंग चोरते. मी वाईट आई आहे का? मला पोलीस घेऊन जातील का?

—

डॉ_उंबरठा | १२ जून, रात्री २.५५

नाही. कुणी घेऊन जाणार नाही. मी जागी आहे.

दोन-तीन गोष्टी सरळ विचारते, राग मानू नकोस. ही चित्रं आली की तुला भीती वाटते, त्यांच्यापासून दूर पळावंसं वाटतं, की तसं करावंसं वाटतं? कुणी कानात सांगतंय, आवाज येतायत, बाळ आपलं नाहीच किंवा त्याच्यात काही वाईट शिरलंय, असं वाटतं का? स्वतःचा जीव द्यावा असा विचार येतो का? आणि आत्ता घरात अजून कोण आहे?

—

नवीन_पान | १२ जून, रात्री ३.०४

भीती वाटते. खूप. करावंसं नाही वाटत, त्याला काही होऊ नये म्हणूनच मी लांब राहते. आवाज वगैरे नाहीत. मरावंसं नाही, पण कुठेतरी निघून जावं असं वाटतं. नवरा आतल्या खोलीत झोपलाय.

—

डॉ_उंबरठा | १२ जून, रात्री ३.१२

बरं झालं सांगितलंस. नको असलेली, घाबरवणारी अशी चित्रं नव्या आयांना येतात, आणि तू समजतेस त्यापेक्षा खूप जास्त जणींना येतात. ती तुझी इच्छा नाही. इच्छा असती तर तू एवढी घाबरली नसतीस. पण न बघता फोरमवरून निदान करायचं नसतं, म्हणून एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटायचंच.

आत्ता नवऱ्याला उठव. जे इथे लिहिलंस तेच त्याला वाचून दाखव. उजाडेपर्यंत थांबू नकोस. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि हे तू आणि तुझ्या नवऱ्याने दोघांनी लक्षात ठेवा. आवाज ऐकू यायला लागले, बाळाबद्दल विचित्र खात्री वाटायला लागली, रात्र-रात्र झोप नसूनही अंगात उसनं बळ आल्यासारखं झालं, किंवा जीव द्यावासा वाटला, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जायचं, तुला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. आवाज, विचित्र खात्री, उसनं बळ हा वेगळा, गंभीर आजार हजारात एखाद-दुसरीला होतो, पण त्यात वाट बघून चालत नाही.

—

रानजाई | १२ जून, सकाळी ६.१०

नवीन_पान, उठल्या उठल्या तुझं वाचलं. मला चुलीची चित्रं दिसायची. गॅस पेटवला की मी आईला म्हणायचे, बाळाला बाहेर घेऊन जा. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय, वरच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्येही लिहिलं नव्हतं. तुझ्यामुळे लिहिलं. नवऱ्याला उठवलंस का तेवढं कळव.

—

नवीन_पान | १२ जून, सकाळी ९.३०

उठवलं. तो काहीच बोलला नाही, बाळाला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला सकाळपर्यंत. आता फोन लावतोय.

—

रानजाई | १४ जून, रात्री १०.४५

वळचण, तुमचं ऐकलं. काल लेकीला तेल लावताना सांगितलं. म्हटलं, तू अगदी छोटी होतीस ना, तेव्हा आई आजारी होती, म्हणून तुझ्याशी खेळता आलं नाही. ताप होता का, तिने विचारलं. म्हटलं नाही, मन आजारी होतं. तुझ्यामुळे नाही झालं, तू तर छान होतीस. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गोळ्या कडू होत्या?" म्हटलं, जरा. "मग मी रडायचे का?" म्हटलं, भूक लागली की रडायचीस, रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी. तिला ते दहा वाजून दहा मिनिटं फारच आवडलं. ती वही आणायला लावली. एकेक आकडा वाचून घेतला आणि प्रत्येक वेळी "तेव्हा तू जागी होतीस?" विचारत राहिली. हो, होते जागी.

आज सकाळी शाळेच्या फाटकाजवळ ठेच लागली तर पुन्हा आजीच हवी होती. ठीक आहे. चिंचगूळ यांच्यासारखं एक काम फक्त आमचं ठेवायचं ठरवलंय. रविवारचं केस धुणं.

—

कुमुदिनी_आजी | १५ जून, सकाळी ११.००

मी धाकटीला फोन केला. म्हटलं, तुझ्या जन्माच्या वेळी मी आजारी होते, तुला जवळ घेतलं नाही, मला तेव्हा कळत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे आई. मोठ्या काकूंनी सांगितलं होतं, दहावीत असताना." बत्तीस वर्षं तिला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं की तिला माहीत आहे. मग म्हणाली की काकूंनी असंही सांगितलं होतं, तू रात्री सगळे झोपल्यावर दारापर्यंत येऊन बघून जायचीस. मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण जाऊबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

—

नवीन_पान | १५ जून, संध्याकाळी ६.२०

उद्या ११ वाजताची वेळ मिळाली आहे. आई गावाहून आली, ती सोबत येतेय. नवराही. बाळाला घेऊन जाऊ की घरी ठेवू? सासूबाई म्हणतात, अशा ठिकाणी बाळ कशाला.

—

डॉ_उंबरठा | १५ जून, संध्याकाळी ६.४०

घेऊन जा. डॉक्टरांना तुम्हा दोघांना एकत्र बघायला मिळालं तर चांगलंच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसोपचाराच्या मोठ्या संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. सासूबाईंना म्हणावं, बाळ त्या उपचाराचाच भाग आहे.

—

रानजाई | १५ जून, संध्याकाळी ६.५५

जास्तीची दोन दुपटी ठेव, तिथे वाट बघावी लागते. आणि आत गेल्यावर झोपेचं, भुकेचं नंतर. आधी गॅलरीचं सांग.